हौसाआत्तीचं मागचं दार

आमच्या हौसाआत्तीला कुणाच्याही घरी नेलं, की उंबऱ्याच्या आत पाय टाकताच ती एकच प्रश्न विचारायची, "मागचं दार कुठं हाय?"

घर कुणाचं, प्रसंग कसला, याच्याशी तिला काही देणंघेणं नसे. एकदा विश्रामबागेतल्या एका बड्या वकिलांच्या आई वारल्या म्हणून आम्ही भेटायला गेलो. घरात रडारड चाललेली. आत्ती वकिलांच्या बायकोजवळ बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवला, दोन चांगले शब्द बोलली, पदरानं डोळे पुसले आणि पुसता पुसताच विचारलं, "आवं, मागचं दार कुठं हाय?" त्या बाईंचा व्हायचा तो समज झाला. तसल्या दुःखातही उठून त्यांनी पाण्यानं भरलेलं टमरेल आणून आत्तीच्या हातात दिलं. आत्ती मुकाट्यानं ते घेऊन मागच्या दारी गेली. कडी कशी निघते, बोळ कुठं फुटतो, भिंत किती उंच, सगळं बघून घेतलं, पाणी कर्दळीला घातलं आणि रिकामं टमरेल जागेवर ठेवून पुन्हा रडायला येऊन बसली. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

हौसाआत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचं मूळ गाव आष्टा. दादा, म्हणजे माझे वडील, सांगलीला एका कचेरीत हेडक्लार्क होते आणि विश्रामबागेत आम्ही सगळे, आत्ती धरून, भाड्यानं राहत होतो. ते घर दादांनी निवडलं नव्हतं, आत्तीनं निवडलं होतं. दादांना आवडलेली दोन घरं तिनं मागच्या दारापायी नापास केली. आत्तीचं सासर औंधाकडचं. लग्नानंतर काही वर्षांनी ती "यमाईला जाऊन येते" असं सांगून घरातून निघाली, डोंगर चढून देवीचं दर्शन घेतलं, पलीकडच्या अंगानं उतरली आणि कुणाकुणाच्या बैलगाडीतून थेट आष्ट्याला येऊन पोचली ती परत गेलीच नाही. आमच्या घरात ही गोष्ट हसत हसत सांगायची पद्धत होती. आबा, म्हणजे माझे आजोबा, म्हणायचे, "आमची हौसा देवीला गेली ती अजून परतीच्याच वाटंवर हाय." मग सगळे हसायचे. आत्तीही हसायची.

तिच्या सुरक्षिततेच्या कल्पनांनी आम्हाला जेरीस आणलं होतं. आष्ट्याच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बायका, मधे कनात. सगळ्या बायका पडद्याकडे तोंड करून बसत आणि आत्ती पडद्याकडे पाठ करून. साऱ्या तंबूची तोंडं एकीकडे आणि हिचं एकटीचं दुसरीकडे. लोकांना वाटे, म्हातारीला दिसत नाही. मी एकदा चिडून म्हणाले, "आत्ती, तिकीट कशाला काढलंस मग?"

"आगं, पडद्यावरची मान्सं काय उठून येत न्हाईत," ती म्हणाली. "मागची येत्यात. मागं बघावं."

आणि गंमत म्हणजे सिनेमाची गोष्ट तिला आमच्यापेक्षा चांगली सांगता यायची. बायकांच्या तोंडाकडे बघून तिला सगळं कळत असे. कोण मेलं, कुणाचं जमलं, सासू कधी आली. सासू आली की म्हणे अर्ध्या तंबूचे खांदे आखडतात.

तिच्या कमरेला चंची असे. पान, सुपारी, चुना, तंबाखू यांचे निरनिराळे कप्पे, आणि सगळ्यात बाहेरच्या कप्प्यात ब्याडगीची नव्हे, लवंगी मिरचीची पूड. कुणी अंगावर आला तर डोळ्यात टाकायला. ही पूड आयुष्यात एकदाच वापरली गेली, तीही आष्ट्याच्या एसटीत. कंडक्टरनं ओळखीनं "मावशी, जरा चंची द्या की" म्हणून हात पुढं केला, आत्तीनं झोपेत ती दिली, आणि त्या बिचाऱ्यानं शेजारच्याशी उसाच्या दरावर बोलता बोलता बाहेरच्या कप्प्यातली चिमूट उचलून चुना लावून मळली आणि ओठाखाली धरली. गाडी रस्त्यात थांबली. कंडक्टर पाटाच्या पाण्यात तोंड घालून बसला, आणि सगळी गाडी खाली उतरून त्याला सल्ले देऊ लागली. आत्ती मात्र खिडकीतून समाधानानं बघत होती. "जिन्नस चांगला हाय," ती मला म्हणाली. "काम करतोय."

पण आत्तीचं खरं हत्यार मिरचीपूड नव्हतं, पोट होतं. "पोटात कालवतंय," असं ती म्हणाली की आम्ही समजायचं, आता बेत बदलला. ती रिक्षात बसता बसता उतरे. एखाद्या भांडीवाल्याला दारातूनच वाटेला लावी. का, म्हणून विचारलं तर तिचं उत्तर ठरलेलं, "पोट न्हाई म्हनलं, की पाय काढायचा. कारण मागनं येतं." दादा वैतागून म्हणायचे, "आक्का, तुझं पोट म्हणजे काय पंचांग आहे?" त्यावर ती म्हणे, "पंचांग छापत्यात, बाबू. पोट कुनी छापत न्हाई."

आमच्या गल्लीत कॉलेजला जाणाऱ्या मुली बऱ्याच होत्या. सकाळी पदर खोचून, वह्या छातीशी धरून, खाली मान घालून आम्ही निघायचो. आत्तीला ती खाली मान अजिबात सोसत नसे. "काय पडलंय का तुमचं रस्त्यात?" ती विचारी. तिनं आम्हाला ओसरीवर बसवून शिकवणी सुरू केली. मान वर ठेवायची. दुकानाच्या काचेत मागचं बघायचं. आणि ओरडायचं कसं, हा तर मुख्य विषय. शेजारी गुळाचे व्यापारी चौगुले अण्णा राहत. त्यांची विजया माझी मैत्रीण. तिला आत्तीनं ओरडायला सांगितलं, तर ती घसा साफ करून शाळेतल्या नाटकात म्हणावं तसं "वाचवा, वाचवा" म्हणाली.

"वाचवा म्हनू नगंसा," आत्ती म्हणाली. "वाचवा म्हनलं की लोक दारं लावून घेत्यात. म्हस सुटली म्हना. काठी घिऊन भाईर येत्यात."

आम्ही हसून हसून लोळलो. पण त्याच दिवसांत एक सायकलवाला आमच्या मागे असायचा. बोलायचा नाही, काही नाही, नुसता मागं, सायकल हळू करत. विजया म्हणायची, आपला भास असेल. मी म्हणायचे, आणि भला माणूस निघाला तर त्याला काय वाटेल? हे आत्तीच्या कानावर गेलं. ती म्हणाली, "त्याला काय वाटंल ह्येची काळजी त्याच्या आईला करू द्या. तुमच्या पोटात काय वाटतंय ते सांगा." आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. पोटात वाईटच वाटत होतं, आणि ते बरेच दिवस वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तो गल्लीच्या तोंडाशी अगदी जवळ आला आणि सायकलचं चाक विजयाच्या चपलेला लागलं. विजया, जी एरवी वाण्याकडे साखर मागतानाही लाजायची, तिनं असा काही आवाज काढला की झाडावरचे कावळे उडाले. "म्हस सुटलीऽऽ!" भराभर दारं उघडली. कुणी काठी, कुणी मुसळ, कुणी लेंग्याची नाडी धरून बाहेर. चौगुले अण्णा धोतराचा काष्टा आवळत वाळवणाची काठी घेऊन सगळ्यांच्या पुढं. सायकलवाल्यानं ही फौज बघितली आणि जो गटारात गेला तो सायकल तिथंच टाकून पळाला. पुन्हा त्या रस्त्याला फिरकला नाही. अण्णा मात्र म्हस शोधत राहिले. घर जैनांचं, दिवस मावळायच्या आत जेवायचं, म्हणून शेवटी नाइलाजानं घरी गेले.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना मला एक स्थळ सांगून आलं. कऱ्हाडकडचं मोठं घर, बागायत ऊस, मुलगा सरकारी खात्यात ओव्हरसियर. दादा हरखून गेले. आईनं नव्या चादरी काढल्या. ठरल्या दिवशी मंडळी आली. मुलगा, त्याचा मामा, थोरला भाऊ आणि भावाची बायको. थोरल्याचं बोलणं कमी, पण मामा बोलण्यात चौघांना पुरून उरणारा. मी पोह्यांचं ताट घेऊन खाली मान घालून गेले. आत्तीची सगळी शिकवणी त्या दिवशी रद्द होती. त्यामुळे मला मुलाचे फक्त पाय दिसले. नखं नीट कापलेली होती. खोटं कशाला सांगू, तेवढ्या नखांवर मी पोहे वाटून होईपर्यंत निम्मा संसार मांडून टाकला होता.

सगळे मुलाकडे बघत होते. आत्ती नेहमीप्रमाणे भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसली होती. कार्यक्रम छान झाला. मुलानं विनोद केले, आम्ही हसलो. निघायच्या वेळी तो उठला आणि खुंटीवरची टोपी काढायला त्यानं हात वर केला. खुंटीखाली त्याची वहिनी बसली होती. बस, एवढंच. मला तरी एवढंच कळलं. मग आत्ती उठली आणि त्या वहिनीला म्हणाली, "चला, हात धुवायला मागच्या दारी." दोघी आत गेल्या. मी पाण्याचा तांब्या द्यायला गेले, तर आत्ती तिला कडी उघडून बोळ दाखवत होती. मला वाटलं, झालं, आता पाहुण्यांनाही सुरू केलं हिनं.

पाहुणे गेले. आई उरलेले पोहे डब्यात भरत होती, दादांनी आनंदानं रेडिओ मोठ्यानं लावला होता. आत्ती फळीखाली तिच्या जागेवर बसली होती.

"बाबू," ती म्हणाली, "त्या घरात आपली सुमी दियाची न्हाई."

दादांचा चेहरा उतरला. "आक्का, आता हे काय? पोटात कालवलं?"

"कालवलं."

"अगं, त्या मुलात खोट काय आहे?"

"पोराकडं मी बघितलंच न्हाई. तुमी सगळी बघतच हुता की. त्यानं टोपी काढाय हात वर केला, तवा त्या बाईचा हात तोंडाफुडं गेला."

"पदर सावरला असेल तिनं!"

"पदर डोक्यावर असतोय, बाबू. हात तोंडाफुडं गेला. मग तिनं पदर सावरला."

"मग मारतो कोण? हा, का त्याचा भाऊ, का आणखी कोण?"

"ते मला काय ठावं? त्या घरात हात उठतोय, एवढं खरं."

दादा भडकले. एवढं चांगलं स्थळ, आणि नकार कशावरून, तर एका बाईनं पदर कसा सावरला यावरून! ते तावातावानं बोलू लागले, पण रेडिओवर उसाच्या खोडकिडीवर कुणी तज्ज्ञ त्यांच्याहून मोठ्यानं बोलत होता. रेडिओ फळीवर होता. तो बंद करायला दादा दोन पावलं पुढं आले आणि त्यांनी आत्तीच्या डोक्यावरून हात वर नेला.

आत्तीचा हात तोंडापुढं गेला. कोपर वर, मान आत, डोळे मिटलेले. क्षणभरच. मग तो हात हळूच पदराकडे वळला आणि तिनं पदर सावरला.

दादांचा हात तसाच वर राहिला. खोडकीड चालूच होती. आईच्या हातातला पोह्यांचा डबा तसाच उघडा होता. ज्या धाकट्या भावाला तिनं कडेवर खेळवलं, जो जन्मात तिला एक वावगा शब्द बोलला नाही, त्याच्या हाताखाली ती अशी मिटली होती, आणि ते आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं. मला रडू आलं.

"आक्का," दादा पुटपुटले, "मी रेडिओ..."

"मला ठावं हाय, बाबू," आत्ती म्हणाली. "हाताला ठावं न्हाई."

दादा तिच्यासमोर खाली बसले. नेहमी कचेरीतलं बोलणारे दादा एकदम आष्ट्याचं बोलू लागले. "तू कवा बोलली न्हाईस गं. आबांनी इचारलं नव्हतं का तुला?"

"इचारलं की. नांदनार का न्हाई, एवढं इचारलं." मग म्हणाली, "त्या घराला मागचं दार नव्हतं."

त्या दिवसापासून आमच्या घरात यमाईची गोष्ट हसत सांगायची पद्धत बंद झाली. कऱ्हाडकरांना दादांनी पत्रिका जुळत नसल्याचं कळवलं. आमच्या आत्तीचं पोट नाही म्हणतंय, असं कळवायची सोय आपल्याकडे अजून झालेली नाही.

यानंतर आत्तीत एक चमत्कारिक बदल झाला. घराच्या कड्या पुन्हा पुन्हा ओढून बघणारी ही बाई दिवसा मागच्या दाराला कडी लावेनाशी झाली. आईनं लावली की ही काढे. मांजर येऊन दूध पिऊन जाऊ लागलं. आई कातावली की आत्ती म्हणे, "पिऊ दे गं. तिलाबी लागतंयच की." आम्हाला वाटलं, वय झालं.

परीक्षेचे दिवस होते. मी दुपारी स्वयंपाकघरात पुस्तक घेऊन बसले होते, तर मागचं दार ढकलून कुणी आत आलं. मला वाटलं मांजर. बघते तर कऱ्हाडकरांची ती वहिनी. खांद्यावर झोपलेली लहान मुलगी, हातात पिशवी, आणि डोळ्याखाली काळंनिळं. ती काही बोलायच्या आत आत्ती उठली. नवल नाही, प्रश्न नाही. पिशवी तिच्या हातातून घेतली आणि म्हणाली, "हातपाय धू, बाई. पान वाढते."

पान वाढून होतंय न होतंय तोच पुढच्या दारात फटफटी थांबली. थोरला भाऊ आणि आपला ओव्हरसियर. दादा कचेरीत. आई माझ्या मागं सरकली. आत्ती मात्र उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. ओव्हरसियरनं हात जोडले. फार गोड बोलला तो. "मावशी, वहिनी रागावून आल्यात. घरातली गोष्ट आहे, घरात मिटवू. पाठवून द्या." थोरला एक पाय उंबऱ्यावर ठेवून आत बघत होता.

आत्तीनं त्या पायाकडे बघितलं. मग मान वर केली, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि साऱ्या विश्रामबागेला ऐकू जाईल असा आवाज टाकला, "म्हस सुटलीऽऽ!"

गल्ली आता सरावली होती. काठ्या दाराशीच ठेवलेल्या असत. बघता बघता अंगणात माणूस मावेना. चौगुले अण्णा सगळ्यात पुढं, धापा टाकत. "कुठाय? कुणाची म्हस?"

"येतीया बगा, अण्णा. तुमी जरा हितंच हुबं ऱ्हावा," आत्ती म्हणाली. तिनं कुणाकडं बोट दाखवलं नाही. पण विजया अण्णांच्या मागून त्या उंबऱ्यावरच्या पायाकडे टक लावून बघू लागली, मग बाकीच्या मुली बघू लागल्या, मग काठ्या बघू लागल्या. थोरल्यानं पाय खाली घेतला. ओव्हरसियरनं पुन्हा हात जोडले, या वेळी सगळ्यांना, आणि फटफटी आली तशी निघून गेली.

"आणि म्हस?" अण्णांनी विचारलं.

"गेली."

"कशी गेली?"

"फटफटीवरनं गेली, अण्णा."

त्या वहिनीचा भाऊ पलटणीत होता. दादांनी त्याला तार केली, तो रजा काढून आला आणि बहिणीला नि भाचीला घेऊन गेला. पुढे तिनं शिवणाचं मशीन घेतलं आणि मुलीला शिकवलं. माझं लग्नही यथावकाश साताऱ्याला झालं. स्थळ बघायला दादा स्वतःच आत्तीला घेऊन गेले होते, आणि या खेपेला तिच्या आधी त्यांनीच विचारलं, "मागचं दार कुठं आहे?"

पण ते सगळं पुढचं. त्या दुपारी लोक पांगल्यावर आत्ती आत आली. वहिनी भाकरी पुढ्यात घेऊन तशीच बसली होती. आत्तीनं लहानगीला मांडीवर घेतलं आणि तिच्यासमोर बसली.

"आत्ती," वहिनी हळूच म्हणाली, "का आलीस म्हनून इचारलं न्हाईसा."

"कारण मागनं येतं," आत्ती म्हणाली. "आदी जेव."

वहिनी जेवू लागली. आत्ती एकेक घास जाताना बघत होती, आणि मधेच हात न लावता नुसत्या डोळ्यांनी तिला अजून भाकरी घे म्हणत होती. बराच वेळ काहीतरी चुकल्यासारखं मला वाटत होतं, ते मग लक्षात आलं. आत्ती दाराकडे पाठ करून बसली होती.

मी पुस्तक उचललं, उंबऱ्याजवळ गेले आणि दाराकडे तोंड करून बसले.